शिलिंगचा मोजा

“काकू, ती मेथीची जुडी द्या इकडे, मी निवडते. आणि काल जावयांनी तुम्हाला डाउनटाउनमध्ये एम्पायर प्लाझा दाखवला म्हणे? त्या बेसबॉलवाल्याची गोष्ट सांगितली का?”

“सांगितली की. कुणी शिलिंग म्हणून होता, त्यानं सरकारला बुडवलं.”

“झालं! पुरुषांनी सांगितलेली गोष्ट अशीच असते. निकाल सांगतात आणि मधली सगळी मजा गाळतात. अहो, कर्ट शिलिंग म्हणजे इथला देव होता, देव! पिचर. म्हणजे आपल्याकडचा फास्ट बोलर म्हणा. बोस्टनच्या रेड सॉक्सनं १९१८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलीच नव्हती. आजोबा गेले, नातू म्हातारे व्हायला लागले, तरी नाही. २००४ साली न्यूयॉर्कच्या यांकीजनी पहिले तीन सामने घेतले, आता बोस्टन आणखी एक हरलं की संपलं. आणि याच्या घोट्याचा स्नायुबंध जागेवर राहीना.”

“मग बसायचं ना घरी.”

“बसतोय कुठला! डॉक्टरनं काय केलं माहितीये? घोट्याजवळची कातडी आतल्या भागाला टाके घालून शिवून टाकली, बंध हलू नये म्हणून. असलं कुणी कधी केलेलं नव्हतं; डॉक्टरनं आधी मृतदेहाच्या पायावर करून बघितलं. हा तसाच उतरला, सात इनिंग टाकल्या, फक्त एक रन दिली. टाक्यातून रक्त झिरपून पांढरा मोजा लाल झालेला सगळ्या अमेरिकेनं टीव्हीवर पाहिला. मग संघ तो सामनाही जिंकला, पुढचाही, आणि वर्ल्ड सिरीजसुद्धा.”

“अगं बाई! मग पैसा मिळाला असेल बक्कळ.”

“बक्कळ म्हणजे किती, सांगू? सगळ्या कारकिर्दीत मिळून ११ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास. रुपये करत बसू नका, मेथी करपेल.”

“आणि घातला असेल जुगारात. नाहीतर बायकांच्या नादात.”

“तिथंच तर सगळे चुकतात. लेनी डायक्स्ट्रा म्हणून दुसरा एक खेळाडू होता, त्यानं हॉकीवाल्या वेन ग्रेट्झकीचा बंगला १ कोटी ८५ लाखांना घेतला, दोन वर्षांत दिवाळं काढलं आणि शेवटी तुरुंगात गेला. ती गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर कंटाळवाणी. शिलिंग तसा नव्हता. याला नाद होता कॉम्प्युटरवरच्या खेळांचा. दौऱ्यावर असला की हॉटेलात लॅपटॉप उघडून एव्हरक्वेस्ट खेळत बसायचा. मग २००६ मध्ये, अजून खेळत असतानाच, स्वतःची गेम कंपनी काढली. जर्सीचा नंबर ३८, म्हणून नाव ३८ स्टुडिओज. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टला टक्कर द्यायची, एवढं मोठं जग उभं करायचं.”

“याला त्यातलं काय कळत होतं?”

“खेळायला कळत होतं! खानावळीत रोज जेवणाऱ्याला खानावळ चालवता येतेच असं नाही ना. लेखक नावाजलेला आणला, चित्रकार नावाजलेला आणला. आणि वरच्या जागेवर बायकोचा काका.”

“हं. म्हणजे सोयरे आलेच.”

“आलेच! माणसांना सवलती मात्र भरघोस देत होता हो, हात आखडता नव्हता त्याचा. पण खर्च पाण्यासारखा आणि खेळ काही तयार होईना. गुंतवणूकदार कुणी उभं करेना. तेवढ्यात याच्या मेडफिल्डच्या घरी निधी जमवायचा कसलासा कार्यक्रम होता, तिथं आपले तेव्हाचे गव्हर्नर कार्सिएरी पाहुणे. बोलता बोलता जमलं! २०१० साल, इथं ऱ्होड आयलंडमध्ये बेकारी अकरा-बारा टक्के. साडेचारशे नोकऱ्या देतो म्हणाला, राज्यानं साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्समधून उठून प्रॉव्हिडन्सला. आता यातली खरी मेख ऐका. हा गडी पक्का रिपब्लिकन. २००४ ची सिरीज जिंकली त्याच आठवड्यात टीव्हीवर बुशला मत द्या म्हणून सांगून मोकळा झाला होता. सरकारनं लोकांच्या व्यवहारात नाक खुपसू नये, हे याचं तत्त्वज्ञान.”

“आणि स्वतःची वेळ आली की सरकारच मायबाप!”

“कशी बोललात! फेब्रुवारी २०१२ मध्ये एक खेळ निघाला, किंग्डम्स ऑफ अमालूर: रेकनिंग. बरा होता, लोकांनी नावाजला. तोही मेरीलँडमध्ये विकत घेतलेल्या कंपनीनं केलेला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मोठं जग निघालंच नाही. मे महिन्यात राज्याला द्यायचे ११ लाख २५ हजार डॉलर वेळेवर आले नाहीत. त्याच महिन्यात पगार थकले. २४ तारखेला सगळ्यांना ईमेल, उद्यापासून येऊ नका. जवळजवळ चारशे माणसं, काकू. आरोग्य विमाही बंद. त्यातल्या काहींचं तर आणखी वाईट. इकडे येताना कंपनी म्हणाली होती, तुमची तिकडची घरं आम्ही विकून देतो, काळजी करू नका. न विकलेल्या घरांचे हप्ते माणसांच्याच नावावर निघाले.”

“शिव शिव. बायका-मुलं होती की त्यांना. आणि याचं काय झालं?”

“याचे स्वतःचे ५ कोटी गेले, असं तोच सांगतो. बँकेला तारण म्हणून जे जे लिहून दिलं होतं, त्यात एक मोजा होता.”

“तो रक्ताचा?”

“तसाच, पण तो नव्हे! यांकीजच्या सामन्यातला त्यानं तिथल्याच कचऱ्यात टाकला होता. हा त्यानंतरचा, वर्ल्ड सिरीजमधला. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये काचेत ठेवायला दिलेला. २०१३ च्या फेब्रुवारीत लिलावात ९२,६१३ डॉलरला गेला.”

“एका पायाच्या मोज्याला? न धुतलेल्या?”

“धुतला असता तर पाच डॉलर तरी आले असते का! पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, तडजोडींतून राज्याला ६ कोटींच्या वर परत मिळाले, उरलेलं तुमच्याआमच्या करातून. म्हणजे माझ्या. तुम्ही सहा महिन्यांच्या पाहुण्या, सुटलात. त्याला म्हणून हॉल ऑफ फेमही मिळालं नाही, असं मात्र समजू नका. ते त्याच्या जिभेनं घालवलं. नाही नाही ते लिहायचा, टीव्हीवरची नोकरी त्यापायीच गेली. २०२१ मध्ये ७५ टक्के मतं लागत होती, याला ७१.१ पडली.”

“मला कळत नाही, घरात एक माणूस नव्हतं का, आता पुरे म्हणणारं?”

“मलाही तेच वाटतं. टाके घालून खेळलेल्या माणसाला थांब म्हणायची कुणाची छाती होणार? तेव्हाही तो थांबला नव्हता, म्हणून तर देव झाला. बॉबी बोनियाचं बघा. खेळाडू म्हणून याच्यापुढं डावा, पण त्याच्या संघानं, मेट्सनी, ५९ लाख देऊन मोकळं करतो म्हटल्यावर म्हणाला, आत्ता नको, आठ टक्के व्याजानं नंतर द्या. २०११ पासून दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर येतात, ते २०३५ पर्यंत.”

“अस्सं! हा माणूस आमच्या साताऱ्यात जन्मायला हवा होता.”

“लोक दर वर्षी त्या दिवशी त्याची टिंगल करतात हो. आणि तो पैसे मोजतो.”

“आणि त्या अमालूरचं काय झालं गं? गेलं का वाया?”

“छे! हक्क सरकारकडे पडून होते. २०१८ मध्ये टीएचक्यू नॉर्डिकनं घेतले, आणि २०२० मध्ये तोच खेळ नवा रंग लावून पुन्हा बाजारात आणला.”

“घेतला कुणी?”

“आमच्या चिरंजीवांनी. माझ्या कार्डावर.”