बेसमेंटमधला आयर्न मेडन: साहित्य आणि कृती

अमेरिकेला निघताना माझ्या बॅगेत कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होती. वाटी-चमच्याच्या मापानं तिनं मला इथे उपाशी मरू दिलं नाही. पण रॉक बँडच्या मैफलीची फिल्म घरच्या घरी कशी पाहावी, याची कृती तिच्यात नाही. १९७० साली निघालेल्या पुस्तकाकडून ती अपेक्षाही नाही. ती उणीव इथे भरून काढतो. प्रमाण चार माणसांचं आहे, त्यातली तीन नाराज असतील असं धरून.

साहित्य

फिनिश्ड बेसमेंट एक. नेपरव्हिलमध्ये घर घेताना एजंट ते शेवटी दाखवतो आणि नवरे तिथेच घर पसंत करतात. मोठा टीव्ही, रिसीव्हर, चार-पाच स्पीकर, एक सबवूफर. भडंग चवीनुसार, रूट ५९ च्या आसपास सगळं मिळतं, पण जयसिंगपूरहून आलेलं असेल तर ते पाहुण्यांपुढे ठेवू नये. आणि सहा महिन्यांसाठी आलेली आई एक. आई नसल्यास सासू चालेल, मात्र मग आवाजाचं प्रमाण निम्मं करावं.

फिल्म निवडणं

नवशिक्यांनी सोप्यापासून सुरुवात करावी. 'लाइव्ह ॲट पॉम्पेई' सोपी आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये पिंक फ्लॉइडनं पॉम्पेईच्या प्राचीन दगडी प्रेक्षागारात, समोर एकही श्रोता नसताना, ही मैफल वाजवली. आपल्याकडे गणेशोत्सवात दुपारच्या कार्यक्रमांना असंच असतं, पण त्याची फिल्म कोणी काढत नाही. हिच्यात एक कुत्राही गातो. तो भाग पॉम्पेईचा नाही, पॅरिसच्या स्टुडिओतला आहे. घरात लहान मुलं असतील तर ती एवढाच भाग बघतात.

'द लास्ट वॉल्ट्झ' शिकागोकरांनी चुकवू नये. १९७६ च्या थँक्सगिव्हिंगला सॅन फ्रान्सिस्कोत द बँडनं निरोपाची मैफल केली, श्रोत्यांना आधी टर्कीचं जेवण वाढलं आणि मार्टिन स्कॉर्सेसीनं ती चित्रित केली. आपल्या शिकागोचे मडी वॉटर्स स्टेजवर आले तेव्हा बहुतेक कॅमेरे फिल्मची रिळं बदलत होते. एकाच कॅमेरामननं कानावरचा हेडफोन काढून ठेवला होता, त्यामुळे त्याला थांबायचा हुकूम ऐकूच आला नाही. तो चित्रण करत राहिला म्हणून ते गाणं आज आपल्याकडे आहे. वरून आलेल्या सूचना न ऐकण्याचा असा फायदा बेसमेंटमध्येही होतो. फिल्म मोठ्या आवाजात लावावी, असं पडद्यावर सुरुवातीलाच लिहून येतं. घरातल्यांना पुरावा म्हणून ती पाटी थांबवून दाखवावी.

नातेवाईक जमले असतील तर क्वीन लावावी. गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथेच त्याचा पहिला बँड निघाला, एवढं सांगितलं की "म्हणजे आपलाच की" असा निकाल लागतो आणि पुढचे दोन तास कोणी काही बोलत नाही. लेड झेपेलिनची 'द साँग रिमेन्स द सेम' थोडी जपून. १९७३ च्या न्यूयॉर्कच्या मैफलीतले काही तुकडे कमी पडले म्हणून पुढच्या वर्षी ते इंग्लंडच्या स्टुडिओत पुन्हा घेतले. तोवर जॉन पॉल जोन्सनं केस कापले होते, त्यामुळे त्याला विग घालून उभा केला. लाइव्ह या शब्दावर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

मी स्वतः मात्र दर हिवाळ्यात एकच लावतो: आयर्न मेडनची २००९ सालची 'फ्लाइट ६६६'. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोईंग ७५७ चालवतो आणि त्याच विमानातून बँड, माणसं आणि सगळं सामान ४५ दिवसांत जगभर फिरतं. या दौऱ्याची पहिली मैफल १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाली. त्या गर्दीत मी होतो. हे मी मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की त्यांनी पुरावा मागितला. कृतीचा उगम तिथे आहे.

पूर्वतयारी

टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती आधी बंद करावी. नाहीतर जगातला कोणताही बँड संध्याकाळी सातच्या मालिकेतल्या जावयासारखा दिसतो.

सबवूफर कुठे ठेवावा हे शोधायची खरी शास्त्रीय पद्धत अशी: सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी, म्हणजे सोफ्यावर ठेवावा, बास असलेलं गाणं लावावं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत जावं. जिथे बास भरीव आणि सारखा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. कोपऱ्यात तो नुसताच फुगतो. ही पद्धत जगभरचे जाणकार वापरतात. तरी जिन्यात पायाचा आवाज आला तर लगेच उठून उभं राहावं. मी उशीर केला. आई तीन पायऱ्या वरून बघत होती. सोफ्यावर काळा खोका, मी गालिच्यावर चार पायांवर. "काही पडलंय का?" एवढंच तिनं विचारलं.

आवाजाचं प्रमाण

रिसीव्हरवर आवाजाचा आकडा उणे दिसतो, त्यामुळे आपण कमीच लावलाय असं नवशिक्याला वाटतं. आमच्या घरी उणे चाळीस म्हणजे कुजबुज, उणे पंचवीस म्हणजे वरून हाक आणि उणे पंधरा म्हणजे बायको स्वतः खाली. दहा डेसिबल वाढवले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, म्हणून 'थोडासाच वाढवला' हा बचाव टिकत नाही. शिवाय इथल्या घरांत गरम हवा पत्र्याच्या नळांमधून खोल्याखोल्यांत जाते आणि त्याच नळांतून बास थेट उशीपर्यंत पोचतो. बेसमेंटचं दार लावून काही उपयोग नसतो. दार फक्त गाण्याचे शब्द अडवतं.

पावसाळी रात्र असेल तर सम्प पंप मध्येच घरघरतो. तो बंद करू नये. रॉक संगीतासाठी गालिचा भिजवलेला माणूस आमच्या गल्लीत आहे. त्याचं नाव सांगत नाही.

कृती

वेळेवर बसावं. आपल्या लोकांना हे अवघड जातं, पण 'फ्लाइट ६६६' च्या मैफलीच्या डिस्कमध्ये प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे आणि पहिलंच मुंबईचं. आधी चर्चिलचं भाषण, मग एकदम गिटारी. पाच-सहा मिनिटांत मुंबई संपते आणि मेलबर्न सुरू होतं. ज्यांनी चहा ठेवायला दोन मिनिटं मागितली त्यांची मुंबई गेली.

आई त्या दिवशी वेळेवर बसली. तिनं रमणबागेत भारतीय बैठकीवर सवाईच्या रात्री काढल्यात, तेव्हा मैफलीला बसण्याचं वळण तिला माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिच्या पहिल्या काही नोंदी अशा: तीन-तीन गिटारवाले कशाला, एकाला समजावता येत नाही का, गायक पळतो फार, दम कसा लागत नाही, आणि तबलजी दिसतच नाही. शेवटची तक्रार रास्त आहे. निको मॅकब्रेन ड्रमच्या अशा ढिगाऱ्यामागे बसतो की फक्त काठ्या दिसतात.

बँडचं भूत, एडी, अवाढव्य रूपात स्टेजवर आलं तेव्हा ती घाबरेल म्हणून मी रिमोट हातात घेतला होता. पण आईचं माहेर कुडाळ. "संकासुर आहे," ती म्हणाली आणि भडंग पुढे ओढलं. दशावतार बघत वाढलेल्या बाईला काळ्या कपड्यांतला, लांब जिभेचा राक्षस नवीन नसतो. रॉकची ओळख करून देताना मी अमेरिकन पॉपपासून सुरुवात करायला निघालो होतो. कोकणातून जवळचा रस्ता होता.

तेरा मिनिटांहून लांब, कोलरिजच्या कवितेवरचं गाणं न्यू जर्सीचं आहे. ते मध्यावर अगदी संथ होतं, नुसती बेस गिटार आणि जहाजाची करकर. नवशिके इथे डिशवॉशर लावायला उठतात. आई इथेच सरसावून बसली. "आता जरा विलंबित आलं," म्हणाली.

थांबवू नये, हा या कृतीतला सगळ्यात कडक नियम. मैफलीत पॉज नसतो. पुढच्या वेळी फिल्म लावली तेव्हा तो नियम आईनं मोडला, त्याचं असं झालं.

मुंबईचं गाणं संपल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "या गर्दीत मी होतो." मुलांनी डोळे फिरवले. आईनं तारीख विचारली. मी सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "तू त्या दिवशी मुंबईला इंटरव्ह्यूला गेला होतास."

सतरा-अठरा वर्षं मी ही बाजू कधी जोडूनच पाहिली नव्हती. शुक्रवार होता. पुण्याहून सकाळी निघालो, हातात फाइल, अंगात आकाशी फॉर्मल शर्ट. दुसरा कपडा घेतला असता तर घरात कळलं असतं. मैदानावर हजारो काळे टी-शर्ट आणि त्यांत मी, बँकेत पासबुक भरायला आल्यासारखा.

"तो शर्ट मी पहाटे उठून इस्त्री केला होता," आई म्हणाली. "आणि संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली होती."

यावर कृतीत काही सांगितलेलं नाही. मी भडंगाकडे बघत राहिलो. तिनं चष्मा लावला, माझ्या हातून रिमोट घेतला, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि गर्दीवरून कॅमेरा फिरला की थांबवायला लागली. नातवंडांना जवळ बोलावलं. धाकट्याला टीव्हीजवळ उभं केलं. आकाशी रंग, पूर्ण बाह्या, कॉलर. एक तास पंचवीस मिनिटं मुंबईतच गेली. मेलबर्न त्या रात्री आलंच नाही.

सापडला नाही. एक हिरवट शर्ट मिळाला, त्यावर थोडा वाद झाला. आईचं म्हणणं, तो तिनं इस्त्री केलेला वाटत नाही.

तेव्हा ही फिल्म तुमच्याकडे असेल आणि पहिल्या गाण्यात काळ्या टी-शर्टांच्या मध्ये आकाशी फॉर्मल शर्टातला, हातात फाइल धरून उड्या मारणारा मुलगा दिसला, तर कितव्या मिनिटाला ते नक्की कळवा. आई एप्रिलपर्यंत इथेच आहे.