काय उजेड पाडला!

जाहिरातीत तीनच शब्द ठळक होते : नदी, चूल, काजवे. माणशी १,८०० रुपये. आम्ही चौघं, त्यात आई. कर्जतला लोकलमधून उतरल्यावर आईने वडापाव अर्धाच खाल्ला. 'तिकडे चुलीवरचं जेवायचंय ना!' आयुष्यात घेतलेला सगळ्यात चुकीचा निर्णय तो, असं तिचं आजही मत आहे.

नदी मात्र खरी निघाली. मे संपत आलेला, आसपासचे ओढे नुसते धोंडे उरलेले, पण पेज वाहत होती. वर मावळात ठोकरवाडीला टाटांनी आंद्रा नदी अडवली आहे. ते पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात येतं आणि वीज काढून झाली की पेजेला मिळतं. म्हणजे इंद्रायणीतून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी, पोचलं भलतीकडेच. आमच्यासारखंच.

मग चूल. गेरूने सारवलेली, कडेने रांगोळीचे ठिपके. आईने तिच्यात बोट फिरवलं. बोट स्वच्छ! राख नाही, काजळी नाही. वरच्या मडक्यात प्लास्टिकची फुलं. मागे पत्र्याआड गॅसची शेगडी फरफरत होती.

"आजी, ही चूल फोटोची हाय," तिथला पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला. "चुलीवर आमच्या घरी रांधतात."

"मग तुझ्याच घरी जायचं होतं रे आम्ही," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

तंबूत प्लग होता, करंट नव्हता. खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. शंभर वर्षं हा पट्टा मुंबईला उजेड पुरवतोय. आणि आम्ही मुंबईकडून पैसे भरून इथे अंधारात घाम पुसायला आलो होतो. तंबूची चेन अर्ध्यावर अडकलेली. पूर्ण उघडेना, पूर्ण लागेना. डासांना तेवढं पुरलं. "घरच्या मच्छरदाणीतही हेच असतं," बायको म्हणाली, "फक्त खाली गादी असते, अहो."

करंट होता तो सगळा बाहेर. झाडांवर हॅलोजन, आणि हॅलोजनखाली कराओके. शेजारच्या तंबूतले एक काका किशोरकुमारचा सूड घेत होते. हा म्हणे काजवा महोत्सव. काजव्याचा नर बिचारा शेपटीशी मिणमिणतं काहीतरी लुकलुकवून मादीला खुणा करतो. हॅलोजनपुढे त्याचं स्थळ कोण बघणार? मालकांना विचारलं, काजवे कुठायत? ते म्हणाले, "येतील सर, पॅकेजमध्ये आहेत."

पावणेअकराला लाइट गेली.

काका ओळीच्या मधेच थांबले. आधी पेजेचा आवाज आला. तो इतका वेळ होता कुठे कोण जाणे. मग समोरच्या सादड्यावर एक ठिपका लुकलुकला. दुसरा. आणि बघता बघता अख्खं झाड एकदम पेटायला आणि एकदम विझायला लागलं. आईने माझा दंड धरला. बोलली काहीच नाही, म्हणजे आवडलं होतं.

तेवढ्यात अंधारातून मालकांचा आवाज आला, "घाबरू नका सर, जनरेटर लावतोय!"

"नको!" आम्ही चौघंही ओरडलो.

दोरी ओढल्याचा आवाज आला. जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. दिवसभरात तिथे वेळेवर झालेलं ते एकच काम.