फोटो छान आलाय

सकाळी सात वाजता निवृत्त माणसानं चहा प्यावा, पेपर उलगडावा. मी मात्र गेलं दीड वर्ष त्या वेळी गोदरेजच्या कपाटाला छाती टेकवून उभा असतो. हनुवटी वर, हातांचे पंजे उलटे कमरेवर, कोपरं पुढं. मागून भाचीचा आवाज येतो, "मामा, खांदे पुढं लोटा. पाडू नका, लोटा. कपाटाला मिठी मारल्यासारखे." सत्तरीला आलेला माणूस कपाटाला मिठी मारताना कसा दिसतो, हे दूधवाल्यानं एकदा पाहिलंय. तेव्हापासून तो पिशवी दाराबाहेरच ठेवून जातो.

ही सगळी कसरत छातीच्या एक्स-रेची. खांद्यामागची दोन त्रिकोणी हाडं फुफ्फुसांवर सावली धरतात, ती बाजूला सरकावीत म्हणून खांदे पुढं. हनुवटी खाली राहिली तर तिची सावली फुफ्फुसांच्या शेंड्यावर पडते, म्हणून ती वर. श्वास भरून घेतला की पोटावरचा पडदा खाली उतरतो आणि फुफ्फुसं फुलतात. मग फोटोत पाठीकडच्या बरगड्या मोजायच्या. दहा दिसल्या तर श्वास पुरता घेतला, आठच दिसल्या तर पेशंटनं घेतल्यासारखं केलं. यंत्राची नळी पाठीमागं सहा फुटांवर लागते. आमच्या घरात कपाटापासून सहा फुटांवर मोरी येते, त्यामुळं भाची मोरीच्या कठड्यावर चढून हुकूम सोडते. "श्वास घ्या. धरून ठेवा." मग जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज. "सोडा."

यातला तिसरा हुकूम सर्वांत महत्त्वाचा, हे ती पहिल्याच महिन्यात शिकली. एका आजोबांना तिनं श्वास धरायला लावला, बटण दाबलं, फोटो पडद्यावर उमटला, आणि तो बघण्याच्या नादात 'सोडा' म्हणायचं राहिलं. परत येऊन पाहते तर आजोबा लालबुंद होऊन स्टँडला चिकटलेले. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सरकारी दवाखान्यात कुणी सांगितलेलं मोडायची सवय नाही.

पोरगी जत तालुक्यातली. बारावी सायन्स झाली, पण नीटमध्ये काही नीट झालं नाही. मग कुणीतरी हा एक्स-रेचा कोर्स सुचवला. तीन वर्षांची पदवी, वर इंटर्नशिप. कॉलेज मिरजेत, मामा मिरजेत. मिरज हे दवाखान्यांचं गाव. स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्याला रिक्षावाला 'कुठं जायचं' विचारत नाही, 'कुठला दवाखाना' विचारतो. अशा गावात राहून आपल्या घरात अजून एकही पांढरा कोट नाही, ही खंत माझ्या बायकोला होतीच. ती परस्पर मिटली.

नातेवाइकांना मात्र हा अभ्यास काय आहे ते अजून उमगलेलं नाही. मेहुणे म्हणतात, "फोटो काढायचा कोर्स." माझ्या थोरल्या बहिणीनं 'रेडिओग्राफी' एवढंच ऐकलं आणि माळ्यावरचा मर्फी रेडिओ काढून पुसून ठेवला. "पोरगी सुट्टीला आली की दाखवू. खरखरतो." भाचीनं मागची पट्टी उघडून, एक तार चेपून तो चालू करून दिला, त्यामुळं आता तो गैरसमज जन्मात दूर व्हायचा नाही.

सतारमेकर गल्लीतले माझे मित्र चाचा यांचा आक्षेप वेगळा होता. ते तंबोरे करतात. पंढरपूरकडून भोपळे येतात, ते वाळवायचे, कापायचे, आणि चाचा बोटानं टिचकी मारून सांगतात की कुठं साल पातळ आहे, कुठं जाड, कुठं आतून कीड लागलीय. "आम्ही टिचकीवर सांगतो आत काय आहे ते. तुम्हाला एवढं मोठं मशीन कशाला लागतं, बेटा?" भाची म्हणाली, "चाचा, भोपळा हलत नाही. माणूस हलतो." चाचांना हे पटलं. त्यांनी तिला चहा पाजला.

पुस्तकं तिची इंग्रजी, पण अभ्यास मोठ्यानं करायची सवय, त्यामुळं अर्धा कोर्स माझाही झालाय. माणसाच्या अंगात हाडं २०६. त्यातली १०६ नुसत्या हातापायांच्या पंजांत. एकेका मनगटात आठ आठ गोट्या भरलेल्या. प्रत्येक हाडाचा फोटो घ्यायची तऱ्हा निराळी आणि त्या तऱ्हांना नावं अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं सर्कशीची तालीम चाललीय. खुब्यासाठी बेडकाची पोझ. गुडघ्याच्या वाटीसाठी 'स्कायलाइन'. मानेचा शेवटचा मणका खांद्याआड लपतो, म्हणून एक हात वर आणि एक खाली अशी पोहणाऱ्याची पोझ. ही शेवटची माझ्या बायकोनं दिवाणावर आडवं होऊन, नऊवारीत नसली तरी पाचवारीत, यथासांग करून दाखवली. बेडकाला तिनं साफ नकार दिला. मला सर्वांत आवडतो तो कमरेचा तिरका फोटो. तो नीट साधला तर म्हणे मणक्यात कुत्र्याचं पिल्लू दिसतं; नाक, कान, पुढचा पाय सगळं. पिल्लाच्या गळ्यात पट्टा दिसला, की समजायचं हाडाला चीर गेलीय. भाचीनं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मला चक्क दिसलं. त्यानंतर आठवडाभर मला स्वतःच्या कमरेत काहीतरी भुंकतंय असं वाटत होतं.

क्ष-किरण या नावावर मी बराच विचार केलाय. बीजगणितात जे ठाऊक नाही ते क्ष. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये रोंटगेन साहेबांना जे किरण सापडले, ते काय आहेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी एक्स म्हटलं आणि आपण क्ष. पुढं ते किरण कसले ते कळलं, पण नाव राहिलं. आपल्याला यात नवल नाही. आपल्याकडचे बाळ नावाचे गृहस्थ ऐंशीव्या वर्षीही बाळच असतात. त्याच वर्षी २२ डिसेंबरला रोंटगेननी बायकोच्या हाताचा फोटो घेतला. बोटांची हाडं आणि एका बोटावर काळी ठसठशीत अंगठी. जगात गाजलेला फोटो. भाचीनं तो पुस्तकात पाहिला आणि पहिलं वाक्य काढलं, "अंगठी काढून घेतली नाही. आमच्या मॅडमनी परत घ्यायला लावला असता." रोंटगेनना १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. तिच्या मते अंगठी असूनही.

आता तिला वॉर्डात पाठवतात, आणि खरं शिक्षण तिथं चाललंय. यंत्राचे आकडे, किती केव्ही, किती एमएएस, हे महिन्याभरात हाताला बसतात. बसत नाही ते अंगावरचं सोनंनाणं उतरवून घेणं. बनियनच्या खिशात चुन्याची डबी असते. करदोट्याला ताईत आणि त्याच्या शेजारी ट्रंकेची किल्ली. नुकतं न्हालेल्या बाईची ओली घट्ट वेणी खांद्यावर राहिली, तर तिची सावली फुफ्फुसावर डागासारखी पडते आणि घरात विनाकारण रडारड होते. एका पोरानं गिळलेला बंदा रुपया तिनं फोटोत पाहिला. समोरून पूर्ण गोल दिसला, म्हणजे अन्ननलिकेत. श्वासनलिकेत असता तर उभ्या कडेनं, रेघेसारखा दिसला असता. "मामा, छापसुद्धा दिसली असती असं वाटलं," ती म्हणाली. त्याच्या बापानं विचारलं होतं, रुपया परत मिळतो का.

आणि मंगळसूत्र. ते काढा म्हटलं की खोलीतली हवाच बदलते. एक बाई म्हणाली, "लग्नापास्नं काढलं न्हाई, आता काढू?" भाचीनं वाद घातला नाही. बाहेरच्या बाकावरून नवऱ्याला बोलावलं. "तुम्हीच काढा आणि तुमच्याच मुठीत ठेवा. पाच मिनिटांनी तुम्हीच घाला." तो मळक्या धोतराचा माणूस बोळात भिंतीला टेकून, मूठ छातीशी धरून उभा राहिला. शेजाऱ्यानं तंबाखू पुढं केली तरी मूठ उघडेना. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, म्हणून मी तिला त्या दिवशी बासुंदी आणली.

किरणांची भीती माझ्या बायकोला फार. त्यावर भाचीनं छातीला लावायचा काडेपेटीएवढा बॅज समजावून सांगितला. आत तीन चकत्या असतात. त्या दर तीन महिन्यांनी तपासायला जातात. तापवल्या की जेवढे किरण सोसले असतील तेवढा उजेड बाहेर टाकतात. काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा, आणि नीट काम करणारा तिच्या जवळपासही जात नाही. बायको एवढंच म्हणाली, "मला नाही बाई लागत तापवायला. किती सोसलं ते मी तशीच सांगते."

दुसरा बचाव अंतराचा. किरणांच्या उगमापासून दुप्पट लांब उभं राहिलं की मारा चौथ्या हिश्श्यावर येतो, पाचपट लांब गेलं की पंचविसाव्या. हा नियम मी साडूला लावून पाहिला. ते सांगलीला राहतात, दहा किलोमीटरवर, आणि दर रविवारी येतात. त्यांची कोल्हापूरला बदली झाली, म्हणजे अंतर पाचपट झालं, तर वर्षातून दोनदाच येतील. गणित अगदी तंतोतंत बसतं. बदली होत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती आली आणि न जेवता पुस्तक उघडून बसली. पान उलटत नव्हतं. रात्री उशिरा म्हणाली, "फोटो सगळ्यात आधी आम्हाला दिसतो, मामा." चार सेकंदांत पडद्यावर येतो. डॉक्टरांच्या आधी, घरच्यांच्या आधी. काय वाईट आहे ते ओळखायला शिकवतात, कारण गंभीर असेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथं फोन करायचा असतो. पण पेशंटला काही सांगायचं नाही. तो आमचा अधिकार नाही. 'बाहेर बसा' म्हणायचं, तेही नेहमीच्याच आवाजात. "आज एक दादा कपडे घालताना विचारत होता, 'ताई, बरं हाय न्हवं?' माझा आवाज नेहमीचा निघाला नाही."

मी तीस-पस्तीस वर्षं तार खात्यात काढली. १९७९ साली चिकटलो तेव्हा मोर्सचं ट्रेनिंग होतं. महिनोन् महिने कड्-कट्ट, कड्-कट्ट. झोपेत बायकोच्या दंडावर बोटं वाजवायचो. पण अवघड ते नव्हतंच. १८८५ चा तार कायदा होता. तारेतला मजकूर बाहेर बोललास तर गुन्हा. येणारी प्रत्येक तार आधी माझ्या कानांतून, माझ्या पेन्सिलीतून जायची. काउंटरच्या जाळीपलीकडं ओळखीचा माणूस मनीऑर्डरची चौकशी करत उभा असायचा, 'काय मास्तर, पाऊस बरा आहे' म्हणायचा, आणि त्याचे वडील गेल्याची तार माझ्या कोपराखाली असायची. मीही म्हणायचो, बरा आहे. १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली, तेव्हा पेपरात लोकांनी हळहळून लिहिलं. मला त्या रात्री गाढ झोप लागली.

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

"मग तुम्ही काय करायचात?" तिनं विचारलं.

"काय करणार? वाटपाच्या गठ्ठ्यात ती तार सगळ्यांत वर ठेवायचो. आणि सायकलवाल्याला म्हणायचो, त्या घराकडून सुरुवात कर."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि गार भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

परवा सकाळी कपाटाची कवायत चाललेली असताना चाचा आले. हातात मोठं पिवळं पाकीट. दोन महिने खोकला होता, मुलगा मागं लागला, काल संध्याकाळी छातीचा फोटो काढला. डॉक्टर उद्या भेटायचेत. "म्हटलं आपल्या घरची पोरगी आहे, तिला आधी दाखवावा. सांग बेटा, भोपळा कसा आहे?"

भाचीनं पाकिटातून फिल्म काढली, खिडकीशी गेली, उजेडात धरली. निळसर उजेड तिच्या तोंडावर पडला. मी कपाटापाशी उभा होतो, मला तिचा चेहरा नीट दिसत होता. त्यावर काहीही नव्हतं. तिनं बरगड्या मोजल्या, ओठ हलत होते. फिल्म पाकिटात परत घातली, कडा दुमडल्या.

"फोटो छान आलाय, चाचा. श्वास अगदी पुरता घेतलाय तुम्ही. बिलकूल हलला नाहीत."

"बघ! बघ!" चाचा माझ्याकडं वळून म्हणाले. "म्हणजे नाद चांगला आहे."

"ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. आवाज नेहमीचा. "पण उद्यापर्यंत कशाला थांबता? आत्ताच जाऊन या. सकाळी गर्दी कमी असते."

चाचा चहाला बसले. मी बसलो नाही. पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावर रिक्षा बघायला निघालो.