फीत कापणाऱ्या हातांचे भांडवल

क्राउडफंडिंग, म्हणजे संकेतस्थळावर आपला उद्योग मांडून शेकडो अनोळखी लोकांकडून थोडीथोडी रक्कम उभी करण्याची पद्धत, चांगला माल आणि चोख हिशेब यांच्या बळावर चालते, असा समज अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी पसरविला आहे. महाराष्ट्रातील नवउद्योजकाला मात्र खरे भांडवल ठाऊक असते, आणि ते म्हणजे फीत कापणाऱ्या मंत्रिमहोदयांसोबतचे छायाचित्र.

हे छायाचित्र अभ्यासण्याजोगे असते. मधोमध मंत्रिमहोदय, हाती तबकातली कात्री, दोन्ही बाजूंना कार्यकर्त्यांची दाटी, आणि अगदी कडेला, ज्याने कर्ज काढून लाकडी घाणा बसविला त्या उद्योजकाचा अर्धा कान. अडचण एवढीच की 288 जणांच्या विधानसभेत बहुमताचा 145 चा आकडा इकडचा तिकडे झाला आणि आमदारांची बस रिसॉर्टकडे वळली, की सकाळचे भूषण संध्याकाळी लपवावे लागते. उद्योजक ते छायाचित्र उतरवितो, नव्यासाठी जागा मोकळी ठेवतो, तोवर खातेवाटप रखडते, ते उरकले तर पालकमंत्री ठरत नाहीत, ठरले तर त्यांना वेळ नसतो, अखेर वर्षभर तेल गाळणाऱ्या घाण्याला पुन्हा फीत बांधून त्याचे दुसऱ्यांदा उद्घाटन होते, आणि नवे छायाचित्र चढते न चढते तोच जुने मंत्री नव्या पक्षातून परतल्यामुळे उतरविलेले छायाचित्र, केवळ उपरण्याचा रंग बदलून, पुन्हा कामी येते.

दरम्यान, ज्या अनुदान योजनेच्या भरवशावर लोक पैसे देणार असतात तिचे नाव बदलते, अर्ज ‘प्रलंबित’ होतात आणि देणारे हात आखडता घेतात. ‘पूर्ण किंवा शून्य’ या प्रकारच्या मोहिमेत तर ठरलेल्या मुदतीत लक्ष्य गाठले नाही, तर जमलेला पैसा ज्याचा त्याला परत जातो. म्हणजे सत्तेचा खेळ दुसऱ्यांचा आणि बुडाला तो घाणेवाला.

संताप यावा असे पुढेच आहे. तेलाच्या एका बाटलीसाठी आगाऊ पैसे घेणारा उद्योजक अनोळखी ग्राहकाला बांधील असतो, आणि लाखोंची मते एका पक्षाच्या नावावर गोळा करून दुसऱ्याच्या दारात उभा राहणारा लोकप्रतिनिधी मात्र कोणालाही बांधील नसतो, ही उघड लबाडी आहे. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 मध्ये आला आणि 2003 मध्ये तो कडक झाला. मतदाराला त्याचे मत परत मिळण्याची सोय त्यात तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.