दोघांचा नकार

म्हैसूर संस्थानाचे दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये भरवलेल्या प्रतिनिधी सभेत अल्पमताच्या हक्कांचा प्रश्न मोठ्या खुबीने सोडवलेला होता: दसऱ्याच्या सुमारास म्हैसुरास जमलेल्या १४४ जमीनदार-व्यापाऱ्यांनी दिवाणांचे निवेदन ऐकावे, गाऱ्हाणी मांडावीत आणि घरी परतावे, मतदान नव्हतेच, त्यामुळे अल्पमत आणि बहुमत सारखेच निरुपद्रवी होते. पुढे देशात मतदान आले, तेव्हा अल्पमत गडप झाले. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या, म्हणजे न्यायवृंदाच्या, पद्धतीऐवजी सहा जणांचा न्यायिक नियुक्ती आयोग आणणारी घटनादुरुस्ती ऑगस्ट २०१४ मध्ये लोकसभेत ३६७ विरुद्ध शून्य आणि राज्यसभेत १७९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. राज्यसभेत राम जेठमलानी तेवढे तटस्थ राहिले (वकिलाला विरोधाची सवय असतेच). गंमत अशी, की सभागृहात कोणी न वापरलेला नकाराचा हक्क कायद्याने आयोगाच्या बंद खोलीत मात्र जपून ठेवला होता. सहांपैकी कोणत्याही दोघांनी नकारार्थी मान हलवली, की शिफारस बारगळणार. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी हा आयोगच चार विरुद्ध एक अशा बहुमताने मोडीत काढला, आणि न्या. चेलमेश्वर यांचे भिन्नमत, रिवाजाप्रमाणे, निकालपत्रात सविस्तर नोंदवले गेले.