भाषण झालं, कलम कुठे आहे?

आमदारांच्या कार्यअहवालात एक पान हमखास असतं. इतके तारांकित प्रश्न, इतक्या लक्षवेधी, इतकी भाषणं. आकडा मोठा तर आमदार कामाचा, असं आपण धरून चालतो. मला हे माप मान्य नाही. माझं माप एकच आहे. या आमदाराने तोंड उघडण्याआधी कायद्यात नसलेलं एखादं वाक्य त्याच्या बोलण्यामुळे कायद्यात आलं का?

माप कडक आहे, कबूल. विरोधी बाकावर बसलेल्या, मंत्रिपद नसलेल्या, पक्षाची ताकद घटलेल्या सदस्याला ते लावायचं का? लावायचं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटातली एक सदस्य या मापाला पुरेपूर उतरली आहे. तिचं नाव मोनिका लेनन.

लंडनने काही अधिकार खाली सोडले, म्हणून एडिंबरातलं हे सभागृह उभं राहिलं. 1997 मध्ये सार्वमत, 1998 मध्ये कायदा, 1999 मध्ये पहिली बैठक. सदस्य 129. त्यातले 73 थेट मतदारसंघांतून येतात. उरलेले 56 आठ मोठ्या प्रदेशांतून, पक्षाच्या यादीवर, मतांच्या प्रमाणात. यादीवरून आलेल्यांना थोडं कमी लेखणारे तिथेही आहेत. लेनन 2016 मध्ये मध्य स्कॉटलंडच्या यादीवरूनच आल्या. त्याआधी त्या साउथ लॅनार्कशरमध्ये नगरसेविका होत्या, पेशाने नगररचनाकार. त्यांचा मजूर पक्ष त्या निवडणुकीत 24 जागांवर घसरून तिसरा आला होता. सत्तेपासून यापेक्षा दूर बसणं अवघड.

आल्या आल्या त्यांनी धरलेला विषय होता मासिक पाळीचा. पॅड विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून टॉयलेट पेपरवर किंवा चिंध्यांवर दिवस काढणाऱ्या बायका श्रीमंत ब्रिटनमध्येही होत्या. त्याच कारणाने शाळा बुडवणाऱ्या मुली होत्या. सभागृहात यावर बोलायला तेव्हा फार कुणी उत्सुक नव्हतं. लेनन यांनी सरकारला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पुढची चार वर्षं हा विषय खाली ठेवला नाही.

आता इथे अधिकारांची खरी अडचण बघा. ब्रिटनमध्ये पॅडवर 5 टक्के व्हॅट होता. तो काढणं एडिंबराच्या हातात नव्हतंच, कारण व्हॅट लंडनच्या ताब्यात. आपल्याकडेही जुलै 2018 पर्यंत सॅनिटरी नॅपकिनवर 12 टक्के जीएसटी होता आणि तो रद्द करायला जीएसटी परिषदच बसावी लागली. अशा वेळी आमदाराची सवयीची वाट ठरलेली असते. केंद्राने कर रद्द करावा असा ठराव मांडायचा, वरच्यांना चार शब्द सुनवायचे, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचं. लेनन यांनी आपल्या सभागृहाच्या हातात काय आहे ते पाहिलं. शाळा हातात होत्या. कॉलेजं, विद्यापीठं हातात होती. स्थानिक परिषदा हातात होत्या. मग कर कमी करा असं म्हणत बसण्यापेक्षा वस्तूच फुकट द्या, आणि ती देणं परिषदांवर बंधनकारक करा. अधिकार तोकडे होते म्हणून मागणी तोकडी झाली नाही. ती उलट मोठी झाली.

आमच्या राजकीय चर्चेत मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट नेमकी इथे आहे. अधिकार नाहीत ही सबब आपल्याकडे इतकी चालते की असलेले अधिकार वापरले का, हे विचारायचंच राहून जातं.

स्कॉटिश सरकार स्वस्थ बसलं होतं असंही नाही. 2017 मध्ये ॲबर्डीनला प्रायोगिक योजना झाली. 2018 मध्ये 52 लाख पौंड देऊन शाळा, कॉलेजं आणि विद्यापीठांमधून मोफत पुरवठा सुरू झाला. चांगली गोष्ट होती. पण याच चांगल्या गोष्टीचा दाखला देऊन सरकारने पुढे म्हटलं, आम्ही करतोच आहोत, कायदा कशाला?

कायदा यासाठी, की योजना अर्थसंकल्पावर जगते. मंत्री बदलला, तिजोरी आटली, प्राधान्य दुसरीकडे वळलं की योजना गुपचूप मरते आणि तिचं सुतकही कुणी धरत नाही. कायदा मोडायचा तर पुन्हा सभागृहात यावं लागतं, उभं राहून कारण सांगावं लागतं, मत नोंदवावं लागतं. हा फरक महाराष्ट्राला नव्याने शिकवायची गरज नाही. 1972 च्या दुष्काळात राज्यभर राबवलेली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायदा झाली आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आली. त्यामागे होते वि. स. पागे. ते कुठल्या खात्याचे मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. ‘मागेल त्याला काम’ ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. 2005 मध्ये देशाने तीच वाट धरली.

लेनन यांनी वापरलेली वाट खासगी सदस्याच्या विधेयकाची होती. तिथे मंत्री नसलेल्या सदस्याला एका मुदतीत अशी दोन विधेयकं मांडता येतात. त्याआधी निदान 12 आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात. मग किमान 18 सदस्यांच्या सह्या लागतात आणि त्या एकाच पक्षाच्या चालत नाहीत. मसुदा लिहायला पार्लमेंटचं स्वतंत्र पथक मदत करतं. लेनन यांची लोकांशी सल्लामसलत 2017 मध्ये झाली, विधेयक दाखल झालं एप्रिल 2019 मध्ये. मधली दीड-दोन वर्षं कुठल्याही बातमीत नसतात. सह्या, मसुदे, संस्थांशी बैठका, पुन्हा मसुदे. सभागृहातलं भाषण पाच-सहा मिनिटांत संपतं, पण त्याला वजन येतं ते या वर्षांमुळे.

सरकारने आधी हात आखडला. खर्च वर्षाला 2 कोटी 41 लाख पौंड येईल, असा सरकारी अंदाज होता. लेनन यांचा अंदाज 97 लाखांचा. शिवाय सीमेपलीकडून, इंग्लंडमधून लोक येऊन फुकटचा माल उचलून नेतील, अशी भीती घातली गेली. पॅडची पिशवी भरायला कोण तिकीट काढून सीमा ओलांडणार आहे? पण गरिबाला काही फुकट द्यायची वेळ आली की चोरीची चिंता सगळ्यात आधी जागी होते. हे एडिंबरात घडतं आणि मुंबईतही घडतं.

मतदानाच्या तोंडावर सरकारने माघार घेतली. 25 फेब्रुवारी 2020 रोजी पहिल्या टप्प्यावर मत पडलं. बाजूने 112, विरोधात शून्य, तटस्थ एक. मग कोविड आला, कामकाज विस्कटलं, तरीही विधेयक मागे पडलं नाही. 24 नोव्हेंबर 2020 रोजी अंतिम मतदान झालं, 121 विरुद्ध शून्य. तोवर खर्चाचा अंदाज 87 लाख पौंडांच्या आसपास आला होता. सरकारचा भीतीदायक आकडा कुठे आणि हा कुठे! सरकारी अंदाजासमोर मान डोलावणाऱ्या प्रत्येक आमदाराने हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत.

जानेवारी 2021 मध्ये कायद्यावर राजमुद्रा उमटली आणि 15 ऑगस्ट 2022 पासून तो पूर्ण लागू झाला. पाळीची साधनं सरसकट मोफत मिळण्याचा हक्क कायद्याने देणारा स्कॉटलंड हा जगातला पहिला देश.

कायद्याचा मजकूर आटोपशीर आहे, आणि त्यातल्या अटी मला त्याच्या मोठ्या गाजावाज्यापेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. साधनं सहजासहजी मिळाली पाहिजेत. घेणाऱ्या व्यक्तीची प्रतिष्ठा राखून मिळाली पाहिजेत. वेगवेगळ्या प्रकारांतून निवड करता आली पाहिजे. दुसऱ्या कुणासाठी ती नेता आली पाहिजेत. आणि हे सगळं आपण कसं करणार, ते परिषदेने लोकांना विचारून, लिहून जाहीर केलं पाहिजे. यातली प्रतिष्ठेची अट काढून टाका, कायदा निम्मा मेला. शाळेच्या कपाटात पॅड आहेत, पण किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे आणि मुलीने वर्गातून उठून, कारण सांगून ती मागायची, अशी व्यवस्था कागदावर मोफतच असते. पण मुलगी पॅड मागत नाही, ती घरी जाते. मसुदा लिहिताना ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवणारा आमदार हवा. अशी अट सचिवालयातून आपोआप येत नाही.

अंमलबजावणीत ठेच लागली नाही असं नाही. 2022 मध्येच स्कॉटलंडच्या टे भागात या कामासाठी समन्वयक अधिकारी नेमला, तो पुरुष. टीकेचा भडका उडाला आणि काही आठवड्यांत पदच रद्द झालं. पण पद गेलं तरी हक्क जागेवर राहिला. योजना असती तर अशा एका वादात तीही वाहून गेली असती.

पाठोपाठ उत्तर आयर्लंडच्या असेंब्लीतही असाच कायदा झाला. तोही मंत्री नसलेल्या एका सदस्याने नेला, आणि तो सदस्य पुरुष होता, पॅट कॅटनी. मार्च 2022 मध्ये विधेयक मंजूर झालं, मे महिन्यात कॅटनी निवडणूक हरले. कायदा मात्र आहे. लेनन यांचंही तसंच. कायदा झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात त्या पक्षाच्या स्कॉटिश नेतेपदाची लढत हरल्या. असा कायदा करून खुर्ची मिळेल याची हमी कुणी देत नाही, आणि म्हणूनच तो करणाऱ्यांचा मला आदर वाटतो.

आपल्याकडेही ही वाट बंद नाही. शुक्रवारी अशासकीय कामकाजासाठी वेळ राखलेली असते. पण मंत्री आश्वासन देतात, सदस्य विधेयक मागे घेतो, विषय मिटतो. संसदेत स्वातंत्र्यानंतर खासगी सदस्यांची अवघी 14 विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. राज्यात सदस्याने आश्वासनावर विधेयक मागे घेणं नाकारलं, मत नोंदवायला लावलं, तर निदान कोण कुठे उभं आहे ते नोंदीत येईल. आज आवाजी गोंधळात ते विरून जातं.

विषय शोधायला लांब जायला नको. जून 2019 मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांच्या प्रश्नावर आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांची गर्भाशयं काढली गेली. प्रश्न अचूक होता, त्यामुळेच आकडा नोंदीत आला. समिती नेमली गेली, गोऱ्हेच तिच्या अध्यक्ष झाल्या, शिफारशी आल्या. पण यातल्या कितीतरी बायका ऊसतोड मजूर, आणि उसाच्या फडात उभ्या असलेल्या बाईला शिफारस दिसत नाही. पाळीत एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा कापला जातो. नवरा-बायकोची जोडी एका कोयत्यावर बांधलेली, आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते, मुकादम दारात असतो. मग पाळीच नको म्हणून ती गर्भाची पिशवी काढून टाकायला तयार होते.

पाळीच्या दिवसांचा खाडा कापायचा नाही. मजुरांच्या तळावर पाणी, आडोसा आणि पॅड देण्याची जबाबदारी साखर कारखान्याची. शस्त्रक्रियेआधी सरकारी डॉक्टरचं दुसरं मत. असं विधेयक तीन-चार पानांत मावतं. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या आमदारांपैकी ते कोण मांडणार आणि मंत्र्यांनी आश्वासन दिल्यावरही मागे घेणार नाही, हे त्यांना नागपूरच्या अधिवेशनाआधी, गावातल्या सभेत, नाव घेऊन विचारा.