साहेब, हा मांजा नाही

राहायला गाव निवडताना लोक पाणी बघतात, शाळा बघतात, स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते का ते बघतात. मी वारा बघतो. तोही साधासुधा नको. ताशी बावीस किलोमीटरच्या वरचा, सलग, एका दिशेने येणारा आणि शक्यतो महिन्याच्या एक तारखेला पगार देणारा.

याचं कारण काइटबोर्डिंग. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वीस-बावीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला बारा चौरस मीटरचा पतंग, आणि या सगळ्याच्या मधोमध पाण्यावरून ओढला जाणारा चाळिशीतला एक शहाडकर. पतंग किती मोठा हवा हे वाऱ्यावर आणि माणसाच्या वजनावर ठरतं. माझ्या प्रशिक्षकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पतंगांच्या ढिगाकडे, आणि मग आत वळून ओरडला, "अजून मोठा आहे का रे?"

कल्याणशेजारच्या आमच्या शहाडला वारा नाही असं नाही. उन्हाळ्यात दुपारी तो समुद्रावरून निघतो, पण पारसिकचा डोंगर ओलांडून आमच्यापर्यंत येईस्तोवर संध्याकाळच्या कसारा लोकलमधल्या माणसासारखा गळालेला असतो. त्याची दिशा मात्र आम्हाला यंत्राशिवाय कळते. वालधुनी नदीचा वास आला की वारा दक्षिणेचा. पाणीही आहे. उल्हास नदी शेजारीच आहे, पण जलपर्णी माजली की तिच्यावर फळी घेऊन जाण्याऐवजी म्हैस घेऊन जावंसं वाटतं. बाकी प्रेक्षणीय म्हणाल तर बिर्ला मंदिरातला विठोबा. फार प्रसन्न आहे. शहाडचं प्रवासवर्णन इथे संपतं.

तेव्हा वर्षभर वारा आणि सोबत नोकरी, हे दोन्ही कुठे मिळतं ते शोधायला निघायचं ठरलं. ऐरोलीची माझी कंपनी आठवड्यातले काही दिवस तोंड दाखवायला बोलावते. उरलेले दिवस घरून काम. हे घर कुठे असावं ते नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही. पहिला उमेदवार गोवा: मोरजी, आश्वे, मांद्रे. बायकोने यादी वाचली आणि म्हणाली, "अहो, गोव्याला जायचंय तर सरळ सांगा ना."

संक्रांतीच्या आधीचा आठवडा. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडायची होती. रेल्वेत बसून खायला मिळावं म्हणून लोक ज्या थोड्या गाड्यांनी जातात, त्यातली ही एक. माझ्याबरोबर पाच फुटी बॅग. सकाळी शहाडला लोकलमध्ये नुसता माणूस शिरत नाही, तिथे पाच फुटी बॅग कुठली? म्हणून शहाणपणाने आधी उलटा टिटवाळ्याला गेलो आणि तिथून लगेज डब्यात बसून आलो. एक भाजीवाल्या मावशी बॅगेवर बसल्या, कल्याणला त्यांच्या शेजारी आणखी एकजण बसले. डोंबिवलीपर्यंत बॅग कोणाची हा प्रश्नच उरला नव्हता. ठाण्याला ती परत मिळवून फलाटावर उतरलो आणि मोठा श्वास घेतला. तेवढ्यात खाकी वर्दीतल्या एका साहेबांनी बॅगेवर काठी टेकवली.

"काय आहे?"

"पतंग."

संक्रांतीच्या आठवड्यात पाच फुटी बॅगेबद्दल हे उत्तर द्यायचं नसतं.

"उघडा."

आतून दांडा निघाला. दांड्यावर गुंडाळलेल्या चार दोऱ्या. साहेबांनी एक बोटावर ताणून पाहिली. "नायलॉन?"

"नाही साहेब, डायनिमा. नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत. वजनाच्या मानाने पोलादही हिच्यापुढे काही नाही." हे मी अभिमानाने सांगितलं. त्यावर त्यांनी मला सांगितलं की 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनसकट सगळ्या कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली आहे. आम्ही दोघंही खरं बोलत होतो आणि माझी केस बिघडत चालली होती.

"किती मीटर?"

"बावीस. अशा चार."

"म्हणजे अठ्ठ्याऐंशी." त्यांनी वहीत लिहिलं. "पेच कुठे लावता?"

"पेच नाही लावत, साहेब. हा पतंग मला ओढतो."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत आणि नंतर आडवं असं दोन्हीकडून पाहिलं. "तुम्हाला?"

मी ऑलिम्पिक काढलं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या, पुरुषांचं सुवर्ण ऑस्ट्रियाला गेलं. ऑस्ट्रियाला समुद्र नाही, हेही आवर्जून सांगितलं. म्हटलं, शहाडकराबद्दल थोडी सहानुभूती वाटेल.

"आपलं मेडल?"

"नाही."

"मग?"

एव्हाना भोवती कोंडाळं जमलं होतं. पॅराशूट आहे, मंडपाचं कापड आहे, अशी मतं पडत होती. साहेब म्हणाले, पूर्ण उलगडून दाखवा. मी म्हटलं, इथे नको. ते म्हणाले, का, काय लपवताय? मी उलगडायला लागलो. अर्धा पतंग फलाटावर पसरला असेल, तोच शेजारच्या रुळावरून एक जलद गाडी न थांबता धडधडत गेली.

आजवर असा सलग, एका दिशेचा, जोरकस वारा मला कुठे मिळाला नव्हता. कापड फुगलं, एका गृहस्थांची टोपी घेऊन वर उठलं, आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार. मी एका टोकावर पालथा पडलो. दुसऱ्या टोकावर काठी, वही आणि टोपीसकट साहेब पडले. कोंडाळ्यातल्या दोघा-तिघांनी उड्या टाकल्या. माझ्या वजनाचा खेळाला उपयोग झाला तो एवढाच. तिकडे मांडवी आल्याची घोषणा झाली. मग ती सुटल्याचं पडल्या पडल्या पाहिलं. कटलेटच्या वासासकट गेली.

पतंग गुंडाळून झाल्यावर साहेब बाकावर बसले. चिडले नव्हते. शर्टाची कॉलर खाली ओढून त्यांनी गळा दाखवला. आडवी, पांढुरकी रेघ होती. "उड्डाणपुलावर. बाइकवर होतो. मांजा दिसतच नाही हो." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या वर्षापासून पोराचा पतंग बंद केला. लहान होता. खूप रडला." मग विचारलं, "तुमची ही दोरी कोणाला लागली तर?"

लागते. ताणावरची दोरी बोट कापू शकते, म्हणून या खेळात वाऱ्याच्या पुढची बाजू मोकळी असल्याशिवाय पतंग उचलायचा नसतो. एवढं मी सांगितलं. विनोद सुचला नाही. त्यांनी माझं ओळखपत्र आणि बॅगेच्या तळातलं चुरगळलेलं बिल पाहिलं, वहीतल्या अठ्ठ्याऐंशीवर काट मारली आणि चहा सांगितला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

गोव्याला रात्रीच्या बसने गेलो. छान आहे. तिथे जमीन तापली की दुपारी वारा उठतो आणि सूर्य कलला की बसतो; नेमक्या त्याच वेळात माझ्या मीटिंगा असतात. जूनपासून पावसाळी समुद्र खवळतो आणि मोसम संपतो. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांसाठी किनाऱ्यावर राखीव जागा आहे. मला दोन खोल्यांचं भाडं परवडेना.

मग कागदावर शोधलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. वारा असतो तिथे नोकरी नसते, हे खोटं आहे. तिथे वाऱ्याच्याच नोकऱ्या असतात. आपल्याकडे कोकण भिजत असतं तेव्हा तोच नैऋत्य वारा तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला जवळजवळ कोरडा पोचतो, कारण पाऊस घाटाच्या अलीकडेच पडून गेलेला असतो. त्याच वाऱ्यावर मुप्पंदलच्या पवनचक्क्या फिरतात आणि रामेश्वरमला पतंग उडतात. थंडीत ईशान्येचा वारा येतो, तेव्हा पाल्कच्या उपसागराकडे तोंड करायचं. अधल्यामधल्या महिन्यांत वारा सुट्टीवर. याच टापूतल्या तुतिकोरिनला तर मोठं बंदर आहे, मिठागरं आहेत. कोरडा वारा मिठालाही लागतो आणि मलाही.

बायको म्हणाली, "मिठागरात सॉफ्टवेअर टेस्टिंग असतं का?"

तेव्हा निकाल असा: जवळपास वर्षभर पतंग आणि पोट दोन्ही चालवायचं असेल तर तुतिकोरिन. गोवा सुट्टीपुरता. शहाड विठोबापुरतं. मुलीची दहावी होईपर्यंत मी शहाडलाच आहे. तुम्ही निघणार असाल तर लगेज डब्याने जा, जानेवारी टाळा आणि बिल बॅगेच्या तळाशी नाही, खिशात ठेवा. दुकानदाराकडून त्यावर 'क्रीडासाहित्य' असं ठळक लिहून घ्या.